तीन सेकंद

अकरा वर्षांत चेंडू हाती आला एकदाच,
तोही घरंगळत, चुकून.
व्हर्जिल क्रुपा त्यावर पालथा पडला
आणि त्याच्यावर सहा जण.
बाकी सगळी कमाई
मागच्या क्वार्टरबॅकला तीन सेकंद मिळवून देण्याची.

आता पेनसिल्व्हेनियात, खाण बंद पडलेल्या गावी,
शाळेच्या मैदानावर गुडघा चोळत उभा असतो.
बोटं इतकी वाकडी
की शर्टाचं वरचं बटण बायको लावते.

"खाली वाक, ओरेन. अजून.
चेंडू लोक बघतील,
तू समोरच्याची कंबर बघ."

घामेजला ओरेन विचारतो,
"कोच, लाउडस्पीकरवर आपला नंबर कधी पुकारतात?"

"चुकलास की,"
क्रुपा म्हणतो,
आणि शिट्टी शोधू लागतो,
जी गळ्यातच असते.