समासातला शब्द

टाकी भरायला तीन तास लागतात.
मोटर सुरू केली की माझं काम म्हणजे
बल्बाखाली बसून राहणं.
मागच्या आठवड्यात लेकीचं पुस्तक सोबत नेलं,
दारव्ह्याच्या कॉलेजचा शिक्का असलेलं,
आत बायांनी लिहिलेले लेख.
म्हटलं, बघू तर काय म्हणतात.

पहिल्या लेखानं राग आला.
मी काय तसा आहे?
पीत नाही. हात उचलत नाही.
पंचायतीचा पगार सहा-सहा महिने थकतो,
पण आला की सरळ बायकोच्या डबीत.
ज्यांनी हे वाचायला पाहिजे ते चार जण आठवले,
नावंही घेतली मनात:
गुणवंता, मोतीराम, तो किराणावाला,
आणि माझा साळा.

दुसरा लेख झोपेवर होता.
बाईनं किती वाजता उठायचं हे कोण ठरवतं,
असं विचारलं होतं त्यात.
मी व्हॉल्व्हच्या चाकाकडे पाहिलं.

साडेतीनला सोडतो मी पाणी, अकरा वर्षं झाली.
का, तर ऊन तापायच्या आत मला निजता येतं.
साडेतीनला खालच्या पुऱ्यात पहिला गुंड वाजतो,
मग दुसरा, मग कोणाचं लेकरू रडतं.
तो आवाज मला आवडायचा.
वाटायचं, माझ्या हातानं गाव जागं होतं.
गाव कुठलं?
गाव तर बाजेवर घोरत असायचं.
जाग्या फक्त बाया.

आणि सदतिसाव्या पानावर पेन्सिलची रेघ.
‘ज्या घरात कोणी ओरडत नाही, त्या घरातही
एका चपलेचा आवाज ओळखून
बाकीचे आपलं बोलणं बदलतात.’
बाजूला समासात, लहान अक्षरात,
‘बाबा’.

बस, एवढंच.
प्रश्नचिन्हसुद्धा नाही.
तो ‘ब’ पाटीवर मीच गिरवून घेतला होता.

त्या रात्री टाकी ओसंडून वाहिली.

पाणी सोडलं, चपला तिथंच ठेवल्या
आणि चोरासारखा अनवाणी घरी आलो.
अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं
आमच्या घरी पाणी येताना:
मायलेकी ड्रमाशी ओणव्या,
आणि हसत होत्या. इतक्या,
की पाइप हातातून निसटत होता.
मी फाटक लोटलं.
‘काही पाहिजे का?’ लेक म्हणाली.

दुपारी बायकोला सांगितलं, मी एक पुस्तक वाचलं.
वाटलं, काही बोलेल.
खरं सांगतो, वाटलं, बरं केलं म्हणेल.
पंचफुला भाकर थापत होती.
‘वाचलं, मंग?
नळ किती वाजता येणार हाय ते सांगा.’
म्हटलं, तूच सांग.
तिचा हात परातीत थांबला.
‘मले एकटीले काऊन इचारता?
बायायले इचारा.’

विचारलं.
कोणी सहा म्हणालं, कोणी मजुरीवरून आल्यावर,
दोघींचं जुनं भांडण उकरून निघालं,
आणि एक म्हातारी नुसती बघत राहिली माझ्याकडे,
मी लाजेपर्यंत.
अजून ठरलं नाही.

पुस्तक बॅगेत परत ठेवलं, होतं तसं.
लेकीला कळलंच असेल.
सदतिसाव्या पानावर
माझ्या ग्रीसच्या अंगठ्याचा डाग आहे,
तिच्या शब्दाच्या बरोबर खाली.