एकतारी

कुडाळच्या शेडमध्ये शिरताना
मी समुद्र दाराबाहेर ठेवते.
तसा नियमच आहे:
आत हवेत ओल चाळीसच्या वर नको,
आणि वेंगुर्ल्याहून मी केसांतून, ओढणीतून
नव्वद घेऊन आलेली असते.
दोन दारांमधल्या खोलीत उभी राहून सुकते,
खारवलेल्या बांगड्यासारखी.

आत पाक शिजत असतो.
कागदोपत्री त्याला सोल म्हणतात.
अ‍ॅल्युमिनियमचा क्षार पाण्यात विरघळलेला,
त्यात सिलिकाचे कण, इतके बारीक
की पाणी गढूळही होत नाही.
मंद आचेवर पाणी उडत जातं,
आधी पेज, मग काकवी, मग मध,
आणि लक्ष चुकलं की थिजून खरवस.
मग भांड्यासकट फेकायचं.

निखार्गेसाहेब पुण्याहून आले त्या दिवशी
मीटर भलतेच आकडे दाखवत होता.
मी काचेची कांडी बुडवून वर उचलली.
तार लांबली, बोटभर, वीतभर, हातभर,
तुटली नाही.
"झाला," म्हटलं.
"कशावरून?"
"एकतारी."
त्यांनी वहीत काय लिहिलं कुणास ठाऊक.
लाडवांच्या पाकाचं शिक्षण मला चतुर्थीला फुकट मिळालं होतं,
पगार आत्ता सुरू झाला.

मग चकती, तिची भोकं सुईच्या टोकाहून लहान.
शिरवाळे गाळावेत तशा
शेकडो तारा एकदम खाली येतात,
कोरड्या हवेत येता येता सुकतात,
फिरत्या पिंपावर गुंडाळल्या जातात.
अजून कच्च्या आहेत. बोट लागलं तर संपलं.

आणि भट्टी.
घाई चालत नाही तिथे.
दोनशेला पाणी जातं,
चारशेला आंबट वाफ जाते, नाक झोंबवून,
हजारला वाटतं आता काय राहिलं असेल,
तेराशेला जे राहतं ते बाहेर काढतो:
पांढरं, चकचकीत,
केसाच्या आठव्या हिश्शाइतकं,
आकसलेलं,
आगीला आता त्याच्याकडून घेण्यासारखं काही नाही.

श्रावणात एका रात्री लाइट गेली.
जनरेटर खोकला, बंद पडला.
अकरा मिनिटं.
समुद्र दोन्ही दारं ओलांडून आत आला
आणि पिंपावरच्या सगळ्या तारा
एकमेकींना चिकटून बसल्या.
नऊ दिवसांचं काम.
शिफ्टमधला सॅम्सन लोबो म्हणाला,
आपण हे राजस्थानात का नाही करत?
कुणी हसलं नाही.

रिळाचं एक उरलेलं टोक
परवानगी घेऊन, काचेच्या नळीत घालून घरी नेलं.
बाबा ओट्यावर जाळं दुरुस्त करत होते,
चाळीस वर्षांची सवय, बघायचीही गरज नाही,
सुई आसातून जाते, गाठ बसते, सुई जाते.
मी लायटर पेटवून धागा ज्योतीत धरला.
लाल झाला. बाहेर काढला, पांढराच.
"जळणा नाय गो ह्यो!"
नायलॉन किती पटकन वितळतो ते त्यांना माहीत.
मग त्यांनी जे केलं ते मी ओळखायला हवं होतं:
धाग्याला गाठ मारली.

तुटला. आवाजसुद्धा नाही.
पुन्हा मारली. पुन्हा.
"ह्येका गाठ सोसणा नाय," ते म्हणाले,
एखाद्या सोयरिकीत खोट सापडावी तसे.
"मगे ह्येचां करतत काय?"
सांगितलं: कापड विणतात, वाक न देता,
चिनीमातीसारख्या लगद्यात बसवतात,
इंजिनाच्या अशा पोटात घालतात
जिथे लोखंड मऊ पडतं.
"खंयच्या इंजिनात?"
ते आम्हाला सांगत नाहीत.

बाबा जरा वेळ गप्प बसले.
मग उरलेला तुकडा
नायलॉनच्या सात आसांतून सरळ ओवला,
गाठ न मारता,
आणि जाळं उजेडाकडे उचलून धरलं.
मी म्हटलं, हात धुवा, डोळ्यांना लावू नका,
कुसं खाजकुयलीपेक्षा वाईट.
ते अजून बघतच होते.