आधी हात, मग बोट

हर्णैला मच्छीमार सोसायटीच्या माडीवर, बर्फाच्या यंत्राच्या डोक्यावर
माझा इंग्रजीचा वर्ग भरतो, संध्याकाळचा लिलाव उरकला की.
खडू दमट. निम्मं अक्षर उमटतच नाही.
तीन तांडेल, एक खलाशी, आणि सुगरा सोलकर,
जी दहावी झाली आणि बापाचा वायरलेस सांभाळते.

मागे एकदा मंगळूरकडची कुठलीशी बोट रात्रभर हाका देत राहिली.
ऐकलं सगळ्यांनी. कळलं कुणालाच नाही.
म्हणून हा वर्ग.

फळ्यावर मी लिहिलं : राइट बिहाइंड द फोर्ट.
"किल्ल्याच्या उजवीकडे," दामाजी चोगले म्हणाले.
नाही हो, इथे राइट म्हणजे अगदी. किल्ल्याच्या अगदी मागे.
"राइट म्हणजे उजवं, राइट म्हणजे बरोबर,
आता राइट म्हणजे अगदी?
बाई, एका गळाला किती मासे लावाल?"

मग मी पुढचं लिहिलं :
डाउन अ‍ॅट द जेटी. आउट बाय द रॉक. बॅक इन द क्रीक.
खलाशी म्हणाला, जेटीवर म्हटलं की झालं, वर आणखी डाउन कशाला?
मी म्हटलं, तू काय म्हणतोस घरी?
"खाली बंदरावर जातो."
मग?
तो गप्प. बाकीचे हसले.
दिवसभर हेच तर बोलतो आपण :
आत खाडीत, पलीकडे पुळणीला, तिकडे वर सड्यावर.
आधी अख्खा हात हलतो, कुठल्या अंगाला ते सांगतो,
मग एक बोट नेमकी जागा दाखवतं.

फरक असलाच तर एवढा :
त्यांचं अव्यय नाळीवर उभं, पाण्याचा ठाव घेणाऱ्या पोरासारखं, पुढे.
आपलं मागे, सुकाणूवर.
आणि ते बसायला आलं की आपला शब्द वाकतो.
घराचं घरा होतं, किल्ल्याचं किल्ल्या,
माणूस तर आतला ऊकारच गमावून बसतो : माणसात, माणसाशिवाय.
दर्या तेवढा वाकत नाही.
दर्यात, दर्यावर, दर्यापलीकडे,
काहीही लावा, तो आहे तसाच.
हे मी आजवर कुणाला शिकवलं नव्हतं.
बोलता बोलता मलाच त्या दिवशी दिसलं.

आता तुमच्या घरचं कोण कुठे आहे, एकेक वाक्य लिहा.
दामाजींनी बायकोला अप इन द मार्केट बसवलं.
खलाशाचा बैल डाउन ऑन द सँड, गाडीसकट.
सुगराच्या वहीत :
माय ब्रदर इज आउट इन द सी.

लाल पेन मी उघडलं होतं.
नियम सोपा आहे. आउट अ‍ॅट सी. इन नको, द नको.
अ‍ॅट सी म्हणजे पायाखाली फळी आहे,
स्टोव्हवर चहा आहे, डिझेल आहे परतीपुरतं.
इन द सी म्हणजे.
मुनाफ ज्या बोटीवर होता ती दोन वर्षांपूर्वी परत आली,
पाच गेले होते, चौघे उतरले. बंदरात सगळ्यांना ठाऊक आहे.
दुरुस्त केलं तर मी त्याला परत फळीवर चढवते.
नाही केलं तर बरोबर आहे म्हणते.

"चुकलंय का, बाई?"
मी विचारलं, नक्की काय म्हणायचंय तुला?
मास्तरकीची जुनी खोड. विचारल्यावर जीभ चावली.

तिने वही ओढून घेतली, रबराने शेवटचे तीन शब्द घासले,
कागद फाटेस्तोवर.
"नुसतं आउट चालतं? पुढे काही न लावता?"

चालतं, म्हटलं.
खाली बर्फ फोडायला सुरुवात झाली, माडी हलायला लागली,
दामाजी खिडकीतून कुणाच्या तरी टोपल्या मोजत राहिले.
माय ब्रदर इज आउट.
याचा अर्थ इंग्रजीत फार साधा होतो :
आता घरात नाही, येईलच इतक्यात.
फळ्यावर तो मी लिहिला नाही.