शेपटीची लांबी

हुआंग-ची. पाकिटावर एवढंच नाव,
खाली वजन, कुठल्याशा चिनी गोदामाचा शिक्का.
आत डॉक्टर जीभ दाबतात त्या पट्टीसारखे
पिवळट, रेषारेषांचे काप.
इतवारीत किराणा ओळीतल्या कोठावारांना दाखवले.
हुंगून म्हणाले, "ज्येष्ठमधाची चुलतबहीण दिसते, बाई."
अगदीच चूक नव्हतं. कूळ एकच.

मे महिना. सेहेचाळीस.
मी माझंच रक्त काढते,
पांढऱ्या पेशी निवडून घेते,
त्यांच्यावर पेरॉक्साइड सोडते,
मग निम्म्या बशांत मुळीचा अर्क,
निम्म्यांत नुसतं खारं पाणी.

अंधाऱ्या खोलीत जेलमधून वीज गेली
की तुटकी पेशी धूमकेतू होते:
डोकं एका जागी, मागे
विस्कटलेल्या धाग्यांची लाल शेपटी.
आखूड, म्हणजे सांधलं गेलं.
लांब, म्हणजे नाही.
दिवसाला दोनशे शेपट्या मोजते मी.

बाबा तांडापेठेत चाळीस वर्षं मागावर.
ताणा तुटला की धोटा थांबवायचे,
बोटाला थुंकी लावून टोकं पिळायचे.
गाठ कुठाय, गिऱ्हाइकाला कधी सापडली नाही.
आता त्यांच्या गळ्यावर किरणं देतात,
पस्तिसातलं एकोणिसावं सिटिंग,
आणि तोंडात थुंकीच उरली नाही.

घोटभर पाण्यावर एकेक शब्द विचारतात,
"तुयी थे चिनी मुई... मले काऊन नाई देत?"
सांगते, बाबा, ती चांगल्या पेशी सांधेल
तशी वाईटही सांधेल कदाचित.
कुठला धागा कुणाचा, तिला कोण सांगणार?
ते हसतात, खोकतात.
"मंग मुई इमानदार हाये."

गुरुवारी आकडे आले.
अर्काच्या बशीत शेपट्या आखडल्या.
पाण्याच्या बशीतही आखडल्या,
जरा उशिरा, कुणी न सांगता.
फरक इतकाच, की लेखात एक वाक्य होईल,
तेही "कदाचित"ने सुरू होणारं.

सूक्ष्मदर्शक झाकायच्या आधी
पाण्याच्या बशीतल्या एका पेशीपाशी थांबले.
जवळजवळ गोल. शेपटी नखाएवढीसुद्धा नाही.
तिला कुणी काही दिलं नव्हतं.
अंगाबाहेर, परक्या काचेत,
थुंकीशिवाय पिळली होती तिनं टोकं.

घरी आले तर बाबा जागेच.
"मोजल्या का व?"
मोजल्या, म्हटलं,
आणि माठातून पेला भरला.