तिसऱ्या महिन्याचं दान, तंगल्ल

जिनदास मासेमार होता.
चटईवर आम्ही सात भिक्खू,
वाढलं होतं फणस, वांगं, नारळाचा रस्सा.
मासळी नव्हती. मुद्दामच.

पियसीली किटलीने पाणी ओतत होती
कपात, कपातून बशीत.
मी म्हणत होतो:
हे पुण्य पोचो गेलेल्याला.

बशी काठोकाठ आली तेव्हा तिने विचारलं,
"हामुदुरुवने, कुणाला?"

मी पाठ केलेलं सांगितलं.
आत्मा नाही. वातीवरून वात लागते,
ज्योत तीच नसते, वेगळीही नसते.

"मग पहिल्या वातीची काजळी
दुसरीने का पुसायची?"

कुणीतरी खोकलं.

"आणि आत कुणी नव्हतंच म्हणता,
तर दंडावरचे हे वळ
कुणी उठवले? पाच स्कंधांनी?
एकतीस वर्षं
मी कुणावर रागावले होते?"

मोठे भंते डोळे न उघडता म्हणाले,
असल्या प्रश्नांनी निर्वाण मिळत नाही.

"निर्वाण कुठे मागतेय," ती म्हणाली,
"पत्ता मागतेय.
पाठवते आहे ना मी."

किटली तिने खाली ठेवली नव्हती.
पाणी बशीतून चटईवर उतरलं,
माझ्या चिवराच्या काठापर्यंत आलं.
मी पाय आखडून घेतला.

नंतर ते पाणी तिने
फणसाच्या मुळाशी नेऊन ओतलं, रीतीप्रमाणे,
एक थेंब न सांडता.

परतताना अर्ध्या रस्त्यात
धाकट्या सामणेराने विचारलं,
छत्री कुणी विसरली?
मी, म्हणालो,
आणि तो शब्द
विहारापर्यंत तोंडात राहिला
काट्यासारखा.