इतर मार्गाने

जुलैची एकोणतीस. रोवणीचे दिवस,
म्हणून दुकानात फक्त पगारदार:
दोन ग्रामसेवक, एक नर्सबाई, पाच गुरुजी,
आणि सगळे गेल्यावर, ड्युटी संपवून, खाकीतच,
नीलकंठ सहारे, कंडक्टर, सिंदेवाही–नागभीड.

हातात तांदळाची रिकामी नायलॉन थैली.
"घ्या मॅडम, वर्षाचं आजारपण आणलो."

तिकिटं सांभाळायची सवय असलेल्या माणसानं
बिलंही गठ्ठ्यागठ्ठ्यानं रबरात बांधलेली.
त्यातली निम्मी कोरी.
पत्र्याखाली मे महिना काढला की
मेडिकलच्या कागदावरची शाई उडते.
एक मी खिडकीकडे धरते:
दहा गोळ्या, एक पंप, आणि 'एकूण' या शब्दापुढे
नुसतं पांढरं.

आईचं बसतं. वय बहात्तर, विमा नाही,
ऐंशी-डीमध्ये तिचा दमा मावतो,
पन्नास हजारांपर्यंत,
फक्त पैसे रोख दिलेले नकोत.
"मेडिकलवाला तर रोखच घेते ना जी."
खोडते.
तीन बिलं पोरानं फोनवरून भरली होती, तेवढी वाचतात.
दोन हजार एकशे चाळीस.

पुतणीचं बसत नाही.
आम्रपाली, चौदा वर्षांची, सिकलसेल.
हाडं ठणकू लागली की गुडघे पोटाशी घेऊन
भिंतीकडे तोंड करून निजते, म्हणतो तो, बोलत नाही कोणाशी.
"भाऊ गेला तेव्हापासून माझ्याच ताटात जेवते."
नियमात ताट नाही.
नियमात भाऊ आहे, भावाची पोट्टी नाही.
आणि आजारांची यादी तर आणखीच वेगळी:
हिमोफिलिया आहे, थॅलेसेमिया आहे.
आमच्या झाडीत ज्याचं नाव शेंबड्या पोरालाही माहीत,
तो मी वरून खाली शोधते, दरवर्षी शोधते,
यंदा कोणी टाकला असेल म्हणून.

मग दान.
वसतिगृहाला एक कट्टा तांदूळ. वस्तू, चालत नाही.
मंडईतल्या नाटकाला अकराशे.
"ते राहू द्या," तो स्वतःच म्हणतो, "ते आपल्या हौसेचं."
आणि पाकिटातून कार्डं काढतो,
लाल ठिपक्याची, घामानं मऊ पडलेली,
सुट्टे मोजावेत तशी टेबलावर मांडतो.
अकरा.
"हे तरी धरा. दानच छापून आहे याच्यावर.
शिक्का आहे, सही आहे, तारीख आहे."

चालू वर्षातलीच, मी म्हणते,
म्हणजे काय म्हणते आहे ते कळायच्या आत.
तो सात परत उचलतो.

पडद्यावर रकाने: संस्थेचं नाव, पॅन, पत्ता,
रक्कम रोखीने, रक्कम इतर मार्गाने.
मी ते मोठ्यानं वाचते, हसत,
त्याला समजावं म्हणून.
"इतर मार्गानं," तो म्हणतो, बाही वर सारून.
"डाव्या हातातून."

लाइट गेली.
अंधारात त्यानं सांगितलं, तिला त्याचं चालत नाही.
"गट जुळत नाही ना. माझं दुसऱ्याच्या पोट्टीले जाते,
कोण्या दुसऱ्याचं हिले येते.
मोड दिल्यासारखं."
बाहेर कोणीतरी सायकल लावली, कुलूप शोधत राहिलं.

लाइट आली तेव्हा पोर्टलनं मला बाहेर काढलं होतं.
पुन्हा पासवर्ड, पुन्हा सगळं.
नव्या पद्धतीनं करून पाहिलं: कर शून्य.
मात्र यातलं काहीच लिहायचं नाही,
ना आई, ना तांदूळ, ना चार कार्डं.
"म्हणजे फायदाच ना जी?"
फायदाच.
त्यानं थैलीत बिलं भरली, कोरीसुद्धा.
दारात थांबला.
"तरी कुठं लिहून तर ठेवा."

माझ्याकडे फक्त माझं पावतीपुस्तक.
त्यात लिहिलं: सहारे, चार वेळा, डावा हात.
रक्कम सोडून दिली.

फीचे दोनशे घेतले. रोख.