अंगावरचं लोखंड

आधी पट्टा काढायचा.
मग किल्ल्या, घड्याळ, चेनचं जाकीट,
केसांतली काळी पिन. ती मी नेहमी विसरते
आणि पहिला चौकोन वाया जातो.
नाडीची विजार, रबरी बूट.
अंगठी राहू दे, इसोबेल म्हणते,
सोन्याला चुंबक विचारत नाही.

पूर्व यॉर्कशर, वोल्ड्सचा उतार,
मेगिन्सनचं अठरा एकरांचं रान.
गहू नुकता बोटभर.
पुढच्या वर्षी इथे सौर पाट्या उभ्या राहणार,
त्याआधी कोणीतरी विचारायला हवं
की खाली कोण आहे.
ते विचारायला आम्ही.

तीस मीटरचे चौकोन, प्लास्टिकच्या खुंट्या, दोरी.
खांद्यावर आडवा दांडा, त्याला उभ्या नळ्या,
टिक वाजली की पाऊल.
वारा आला तरी तेवढंच,
पायातून ससा उठला तरी तेवढंच.
बांधापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं
औताला जुंपल्यासारखं,
दिवसाला सोळा किलोमीटर चालायचं
आणि संध्याकाळी पोचायचं
निघालो तिथेच.

इथे वीतभर मातीखाली सगळा खडू,
शाळेत फळ्यावर झिजायचा तोच.
कधी कोणी चर खणला, सोडून दिला.
पावसांनी बुजवला,
पण बुजवणारी माती वरची होती:
राखेची, शेणाची, पायांखालची.
ती खडूत उतरते, खडू होत नाही.
पृथ्वीच्या ओढीत तिची किंचित भर पडते,
होकायंत्राची सुई दखलही घेणार नाही एवढी.
आणि जिथे भट्टी पेटली होती
तिथली भाजलेली माती निवताना
त्या दिवशीची उत्तर धरून बसली.
उत्तर पुढे सरकली. ती नाही.

हे ऐकून मेगिन्सन म्हणाला,
माझी आई तशी होती.

चौऱ्याऐंशी वर्षांचा.
बुटांना खिळे, म्हणून दिवसभर
बांधापलीकडे उभा केलेला.
पाच वाजता व्हॅनच्या दारात वाकला.
पडद्यावर त्याचं रान राखाडी पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होतं,
आणि उताराच्या मध्यावर
सात चौकोन, एकाला एक लागून,
प्रत्येकाच्या पोटात एक डाग.
इसोबेलचा चहा हातातच राहिला.
थडगी, ती म्हणाली. दोन हजार वर्षांवरची.
म्हातारा बरं म्हणाला.
मग त्याचं बोट चौकोनांवरून घसरत
खालच्या कोपऱ्यात गेलं, फाटकाजवळ.
तिथे चार ठिपके,
काळ्याला पांढरं चिकटलेलं,
असे की बाकी सगळं फिकं पडावं.

अलीकडचं लोखंड, मी म्हणाले. त्याला महत्त्व नसतं.

व्हायोलेट, तो म्हणाला.

बाप जुन्या फळ्यांचे खिळे उपटून
हातोडीने सरळ करून डब्यात ठेवणारा.
ट्रॅक्टर आला त्या वर्षी घोडी गेली.
खाटीक दारात आला होता, त्याला परत पाठवलं
आणि दोघांनी दीड दिवस खड्डा खणला.
नाल महिन्याभरापूर्वीचे, कोरे.
पोराने विचारलं, काढायचे का?
बापाने उत्तर दिलं नाही, फावडं दिलं.

एवढं बोलून तो गप्प झाला. आम्हीही.
व्हॅनच्या टपावर बारीक पाऊस सुरू झाला होता.

मग त्याने वरचे चौकोन दाखवून विचारलं,
यांच्याबरोबर घोडी होती का?
असतील, इसोबेल म्हणाली. कुठे कुठे सापडलीत.
मग दिसत कशी नाहीत?
तेव्हा नाल नव्हते, मी म्हणाले.
हाडं याला दिसत नाहीत.

तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला,
नाल नसलेल्या त्या उताराकडे.

अहवालात मी नेहमीचं लिहिलं:
आग्नेय कोपरा, चार नोंदी, आधुनिक लोहवस्तू,
पुरातत्त्वीय महत्त्व नाही.
लिहून खोडलं.
मग तेच लिहिलं, नियम तसा आहे.
फक्त नकाशावर पाट्यांच्या खांबांची रांग आखताना
फाटकाजवळ पेन्सिल
जरा जास्तच वळली.